पाच आरांचा म्युटंट

सकाळी 7. उन्हं तापायच्या आत डोक्याचं काम. पीकविम्याचा हप्ता मोजणारा जावातला छोटा प्रोग्राम समोर आहे. टेस्ट सगळ्या पास, कव्हरेज 100 टक्के; म्हणजे प्रत्येक ओळ एकदा तरी चालली. पण चुकीचं उत्तर टेस्टनं पकडलं असतं का? ते पाहायला प्रोग्राममध्ये मुद्दाम एक बारीक चूक घालायची; अशी बिघडवलेली प्रत म्हणजे म्युटंट. टेस्ट फेल झाली तर तो म्युटंट मेला. सगळ्या पास झाल्या तर तो जगला, आणि टेस्ट कुठेतरी कच्च्या आहेत. रिचर्ड लिप्टन यांनी 1971 मध्ये विद्यार्थी असताना ही कल्पना मांडली.

सकाळी 9. जावा प्रोग्रामचे म्युटंट आपोआप बनवणारं पिटेस्ट हे साधन चालवतो. त्यातले तयार बदल साधे: अधिकचं वजा, '72 किंवा कमी'चं '72 पेक्षा कमी'. नुकसानीची सूचना 72 तासांत आली का, हेही प्रोग्राम तपासतो आणि नेमक्या 72 तासांची टेस्ट आहे, म्हणून हा लगेच मेला.

साडेदहा. आता नवे म्युटंट. तयार बदलांत प्रोग्रामरच्या हातून होणाऱ्या चुका असतात. धाराशिवातल्या शेतकऱ्याचे पैसे चुकतात ते सातबारा वाचताना. 1 हेक्टर 5 आर म्हणजे 1.05. मधलं शून्य गळालं की 1.5. विमा रक्कम हेक्टरी 50,000 धरली, तर खरिपाच्या 2 टक्क्यांनी सोयाबीनचा हप्ता 1,050 ऐवजी 1,500 होतो. म्हणून म्युटंट असा: आर दहापेक्षा कमी असले की 100 ऐवजी 10 ने भागायचं. चालवला, आणि तो जगला! टेस्टमधलं क्षेत्र होतं 1.25. 25 आरांत गळायला शून्यच नाही. 1.05 ची टेस्ट घातली, तेव्हा मेला. मला तरी शेकडो तयार म्युटंटांपेक्षा हा एक मोलाचा वाटतो.

दुपारी 1. जेवण, मग शेतकऱ्यांचे विमा अर्ज भरून देणारं सेवा केंद्र चालवणाऱ्या मित्राला फोन. तो म्हणाला, "दादा, लोक गुंठेच सांगतात, आम्ही आर टाकतो." 40 गुंठे म्हणजे 40.47 आर. दुसरा म्युटंट मिळाला: गुंठा आणि आर एकच धरायचे.

दुपारी 3. जगलेल्यांची छाननी, सर्वांत कंटाळवाणा पण टाळता न येणारा भाग. 'क्षेत्र शून्याहून कमी असेल तर शून्य धर' याचं 'शून्य किंवा कमी' केलं, तरी उत्तर तेच राहतं. असा समतुल्य म्युटंट कुठलीच टेस्ट मारू शकत नाही. तो हातानंच बाजूला काढावा लागतो.

संध्याकाळी 6. तारखेचा म्युटंट: दिवस आणि महिना अदलाबदल. 25/07 उलटवली तर प्रोग्राम अडतो. 03/07 मात्र बिनबोभाट 7 मार्च होते. टेस्टमध्ये बारा तारखेच्या आतला दिवस हवाच.

पीकविमा, ऊसबिल किंवा पगार मोजणारा प्रोग्राम तुमच्या हाताखाली असेल, तर आधी तो कागद रोज भरणाऱ्या माणसाशी बोला आणि मग म्युटंट लिहा.