ग्रीष्मातील रात्रीचे भोजन : निखाऱ्यावरील कोंबडी आणि कोशिंबीर

उन्हाळ्यात मांसाहाराविषयी रुग्णाने विचारले, की आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : 'बंद करा.' हे उत्तर सोपे आहे, परंतु त्याला शास्त्राचा आधार नाही. चरकाचार्यांनी ग्रीष्म ऋतुचर्येत शालीचा भात, तूप व दूध यांच्या बरोबरीने जांगल पशुपक्ष्यांचे मांसही सांगितले आहे. शिवाय सरसकट निषेध रुग्ण पाळत नाहीत. भीमाशंकरच्या डोंगररांगेखाली, आंबेगाव व जुन्नर तालुक्यांत, चैत्र-वैशाख हे यात्रांचे, लग्नांचे आणि सुट्टीला आलेल्या पाहुण्यांचे महिने. रात्री अंगणात जाळी मांडली जाते, 'ग्रिल्ड चिकन' व सॅलडचा बेत ठरतो आणि पुढील दोन-तीन दिवसांत छातीतील जळजळ, आंबट ढेकर, मुखपाक, सरक्त मूळव्याध अशा तक्रारी घेऊन मंडळी आमच्याकडे येतात. दोष कोंबडीचा की ती शिजविण्याच्या रीतीचा, याचा विचार चरकोक्त आहारविधिविशेषायतनांच्या आधारे करू.

प्रथम प्रकृती. विष्किर वर्गातील कुक्कुट हा स्निग्ध, उष्ण, बृंहण, बल्य, वातहर व स्वेदन सांगितला आहे. सुश्रुताचार्य वन्य आणि ग्राम्य असा भेद करून ग्राम्य कुक्कुट गुरू असल्याचे नमूद करतात. भीमाशंकरच्या जंगलात रानकोंबडा आजही आहे. तथापि ते जंगल 1985 पासून अभयारण्य आहे आणि वन्य पक्ष्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. म्हणजेच आपल्या ताटात येणारी कोंबडी ग्राम्य, अर्थात गुरूच असणार. त्यातही मोकळी फिरणारी गावरान तलंग आणि बंद शेडमध्ये सुमारे सहा आठवड्यांत वाढविलेला ब्रॉयलर यांत तलंग श्रेयस्कर. ब्रॉयलरच मिळाला, तर कातडी व चरबी काढून टाकावी.

दुसरे करण, म्हणजे संस्कार. आमच्या मते या विषयाचे मर्म येथेच आहे. सुश्रुतसंहितेत शूल्य, म्हणजे शूलावर ओवून भाजलेले, व तत्सम मांसप्रकार सांगून पुढे महत्त्वाचा भेद केला आहे : तेलात सिद्ध केलेले मांस उष्णवीर्य, पित्तकर व गुरू, तेच तुपात सिद्ध केले असता लघू, अग्निदीपक, रुचकर आणि पित्तघ्न. मांस तेच, स्नेह बदलला की परिणाम बदलतो. जाळीवरच्या कोंबडीला वरचेवर तेल लावण्याऐवजी गाईचे तूप लावणे, इतकाच हा बदल आहे.

तिसरा संयोग. आजकाल कोंबडी भाजण्यापूर्वी ती दही व लाल तिखटात मुरविण्याचा प्रघात आहे. वाग्भटाचार्यांनी कुक्कुट दह्यासह निषिद्ध मानला आहे. त्याखेरीज रात्री दही नको, ग्रीष्मात नको आणि उष्ण करून तर नकोच, हे नियम आपण सर्व जाणतो. एका ताटात हे चारही नियम मोडले जातात! आंबटपणासाठी डाळिंबाचा रस घ्यावा. अम्लरस बहुधा पित्तकर असला, तरी डाळिंब व आवळा हे त्याला अपवाद आहेत.

कृती अशी : एक किलो कोंबडीच्या तुकड्यांना अर्धी वाटी डाळिंबाचा रस, आले, हळद, धने-जिऱ्याची पूड, किंचित मिरी व बेताचे सैंधव लावून तासभर थंड जागी झाकून ठेवावे. कोळशाचा धूर पूर्ण जाऊन निखाऱ्यांवर राखेचा पातळ थर धरला की मगच जाळी ठेवावी. तूप लावीत, उलटसुलट करीत, सुमारे 35 ते 40 मिनिटे मंद आचेवर भाजावे. हाडाजवळचा लालसरपणा जाईपर्यंत मांस उतरवू नये. मात्र ते करपवूही नये. करपलेला भाग हानिकारक असल्याचे आधुनिक संशोधनही सांगते. तो काढून टाकावा.

कोशिंबीर मांस कापण्यापूर्वीच करून ठेवावी. कच्च्या मांसाचा पाट व सुरी तिला लागू नये. कोवळी काकडी, डाळिंबाचे दाणे, कोथिंबीर, पुदिना, भाजलेल्या जिऱ्याची पूड व सैंधव पुरे. दही, व्हिनेगर, मेयोनीज घालू नये. ज्यांना रात्री कच्चे पचत नाही, त्यांच्यासाठी दुधी वाफवून त्याला तूप-जिऱ्याची फोडणी द्यावी.

देशाचा विचार धान्याच्या निवडीत करावा. मंचर-नारायणगावच्या पूर्व पट्ट्यात बाजरीची भाकरी प्रिय आहे. परंतु बाजरी उष्ण व रूक्ष असल्याने उन्हाळ्यात या जेवणासोबत ज्वारी बरी. पश्चिमेकडील डोंगरी भागात भात पिकतोच. जुना आंबेमोहोर उत्तम. राशीविषयी नियम स्पष्ट आहे : गुरू पदार्थ अर्ध्या तृप्तीपर्यंतच घ्यावा. म्हणून दोन तुकडे, वाटीभर कोशिंबीर, मूदभर भात. आणि हे जेवण झोपण्यापूर्वी निदान दोन-तीन तास. सोबत मद्य नको, कारण ग्रीष्मात ते निषिद्धप्राय आहे. रक्तपित्त, तीव्र अम्लपित्त वा रक्तार्श असलेल्या रुग्णांना मात्र हा बेत वर्ज्यच सांगावा.

क्षेत्राचे पावित्र्य राखावे आणि जंगलाच्या कडेला कोठेही जाळ करू नये, हेही रुग्णांना बजावावे. वैशाखातील वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते. या वनातील हिरड्यावर आपली औषधे आणि येथील आदिवासी कुटुंबांची मिळकत दोन्ही अवलंबून आहेत.

शाकाहारी व्यक्तीस मांसाहाराकडे वळविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु जो खाणारच आहे, त्याला 'नको' एवढेच सांगून पाठविले, तर तो पुढच्या वेळी न विचारताच खाईल. त्याच्या चिठ्ठीवर औषधांखाली तीन ओळी लिहाव्यात : दह्याऐवजी डाळिंब, तेलाऐवजी तूप, निम्म्या भुकेचे. एवढे तो सहज पाळू शकेल.