गुडघा पूर्ण बदलायचा की अर्धा?



गट ऑफिसला ऊस नोंदीसाठी येणाऱ्या वयस्कर सभासदांचा हल्ली एक प्रश्न हटकून असतो. "साहेब, शहरात रोबोटनं अर्धाच गुडघा बदलत्यात म्हणं. खरं हाय का?" काहींनी तर उसाचं बिल निघालं की ऑपरेशन उरकून टाकायचं ठरवलंही आहे. प्रस्तुत लेखक डॉक्टर नव्हे, शेतीची पदविका घेतलेला माणूस. पण बेणं घेताना आपण चौकशी करतो, तशी करून जे हाती आलं ते येथे देत आहे.

नांग्या भरायच्या की खोडवा मोडायचा?

गुडघ्याचे तीन भाग धरतात. आतल्या अंगाचा, बाहेरच्या अंगाचा आणि वाटीच्या मागचा. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजली की हाडावर हाड घासतं. बहुतेकांची झीज आतल्या अंगाला सुरू होते, आणि वाढत गेली की पाय धनुष्यासारखे वाकतात.

आता खोडव्याचा विचार करा. एका कडेला तूट पडली आणि बाकी फुटवा जोमदार असेल तर आपण नांग्या भरतो. सगळंच रान विरळ झालं तर खोडवा मोडून नवी लागण करतो. गुडघ्याचंही तसंच आहे. अर्ध्या बदलात फक्त झिजलेल्या भागावर धातू व प्लॅस्टिकचा सांधा बसवतात. आतले अस्थिबंध व चांगली बाजू तशीच राहते. पूर्ण बदलात मांडीच्या व नडगीच्या हाडाची टोकं दोन्ही बाजूंनी तासून सबंध सांधा नवा बसतो. झीज एकाच भागात असेल, पुढचा अस्थिबंध शाबूत असेल आणि वाक सरळ होण्याजोगा असेल, तरच अर्धा बदल शोभतो. आमवाताचा गुडघा असेल तर तो करत नाहीत. आपल्याकडे दुखणं अंगावर काढायची खोड, त्यामुळे दवाखान्यात जाईपर्यंत पुष्कळांची ही संधी निघून गेलेली असते.

रोबोट काय करतो?

यंत्र एकटंच ऑपरेशन करतं हा गैरसमज आहे. आधी सी.टी. स्कॅनवरून संगणकावर गुडघ्याचा आराखडा करतात. काही यंत्रांत ऑपरेशनच्या वेळीच मापं घेतात. हत्यार सर्जनच्याच हातात असतं. ठरलेल्या हद्दीबाहेर ते जाऊ लागलं की यंत्र अडवतं. लेसर लेव्हलरनं रान एकसारखं होतं, पण त्यात काय लावायचं हे लेव्हलर सांगत नाही. तसंच हे.

अनुभव काय सांगतो?

"रोबोटचा अर्धा की साधा पूर्ण" या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत. प्रात्यक्षिक प्लॉटमध्ये जात आणि खत दोन्ही एकदम बदललं, तर उतारा कशानं वाढला ते कळत नाही. म्हणून दोन्ही वेगळे पाहू.

पहिला, अर्धा की पूर्ण. ब्रिटनमध्ये ५२८ रुग्णांवर पाच वर्षं चाललेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१९ साली आला. दोन्ही गटांचं दुखणं व हालचाल जवळजवळ सारखीच सुधारली. अर्ध्या बदलाला एकूण खर्च कमी आला. मात्र टिकाऊपणात पूर्ण सांधा पुढे आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात २५ वर्षांनंतर शंभरांतले सुमारे ८२ पूर्ण सांधे टिकलेले दिसले, अर्धे सुमारे ७०. अर्ध्या बदलानंतर उरलेली बाजू पुढे झिजू शकते, आणि त्याचा पूर्ण करणं त्यामानानं सोपं असल्यानं दुसरं ऑपरेशन लवकर सुचवलं जातं. उलट ऑपरेशनच्या काळातला जीवाचा धोका अर्ध्यात कमी, असं तिथल्या नोंदी दाखवतात.

दुसरा, रोबोट की साधा हात. ग्लासगोला १३९ रुग्णांवर, दोन्हीकडे अर्धाच बदल करून, ही तुलना झाली. रोबोटनं सांधा अधिक अचूक बसला आणि पहिल्या काही आठवड्यांत दुखणं कमी राहिलं. वर्षानंतर मात्र दोन्ही गटांच्या चालण्या-फिरण्यात एकंदरीत फरक उरला नाही.

पैशाची बाजू

केंद्र सरकारनं १६ ऑगस्ट २०१७ रोजी गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमच्या पूर्ण सांध्याची किंमत दीड लाखाच्या वरून ५४,७२० रुपयांवर (कर वेगळा) आली. ही मर्यादा सांध्यावर होती. सर्जनची फी, खोलीभाडं व यंत्राचा आकार त्यात धरलेला नव्हता. तेव्हा आजचा सगळा खर्च लेखी मागून घ्यावा. शासकीय योजनेत आपली केस बसते का, हे आरोग्यमित्राकडे आधी विचारावं.

डॉक्टरांना हे विचारा

१. माझी झीज एका भागात आहे की सगळीकडे? उभं राहून काढलेल्या एक्स-रेवर दाखवाल का?
२. वजन कमी करून, मांडीचे व्यायाम करून अजून काही दिवस निघतील का?
३. आपण वर्षाला अर्धे बदल किती करता? (ज्यांचा हात यात बसला आहे, त्यांचे सांधे जास्त टिकतात.)
४. रोबोटचे जादा पैसे किती, आणि माझ्या गुडघ्याला त्यानं नेमका काय फायदा?
५. मांडी घालणं, उकिडवं बसणं, दारं धरणं यांतलं नंतर काय जमेल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय चौथ्याकडे जाऊ नये. यंत्र कोणतं हे मागाहून. गुडघा किती गेला आहे हे आधी. सोसायटीचं कर्ज काढून केवळ रोबोटच्या नावापायी धावू नका, आणि खर्चाच्या धास्तीनं पाय पार वाकेपर्यंत बसूनही राहू नका. घरातल्या आईच्या, आजीच्या गुडघ्याकडेही लक्ष द्या. खुरपणीत दिवस दिवस उकिडवं बसून काम त्यांनीच केलं आहे, आणि दुखणं सांगण्यात त्याच सर्वांत मागे असतात.

— ऊस विकास अधिकारी