सहस्रकुंड : पैनगंगेचा कातळ आणि पलीकडचे रान

पेरू देशातील कोल्का नदीची दरी तीन हजार मीटरांहून अधिक खोल आहे. दहा फूट पंखविस्ताराची कॉन्डॉर गिधाडे तिच्या कड्यांवरून तरंगताना पाहावयास जगभरातून प्रवासी जातात. नांदेड-लातूरकडील गृहस्थास तितके दूर जाणे साधेलच असे नाही. परंतु नदी, कातळ आणि वन्य पशू ही त्रयी एकत्र पाहावयाची असेल, तर किनवट तालुक्यातील इस्लापूरपर्यंत गेले तरी पुरे. खोलीची तुलना मात्र करू नये. कोल्कापुढे सहस्रकुंडाचा कडा घरच्या ओट्याएवढाही भरावयाचा नाही.

पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरांत बुलढाणा जिल्ह्यात उगम पावते आणि शेवटी वर्धा नदीस मिळते. वाटेत बराच काळ ती मराठवाडा व विदर्भ यांची सीमा होऊन वाहते. 1948 पूर्वी तिच्या एका तीरावर निजामाचा अंमल आणि दुसऱ्या तीरावर वऱ्हाडचा कारभार होता. परशुरामाने बाण मारून ही नदी काढली, म्हणून हिचे नाव बाणगंगा, असेही सांगतात. रेणुकामातेचे माहूर जवळच असल्याने ही कथा येथे रुजली यात नवल नाही.

येथील कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. ओतीव लोखंडासारखा काळा व तुकतुकीत असा हा पाषाण पाण्यास सहजासहजी दाद देत नाही. पण पुराबरोबर आलेले गोटे एखाद्या खाचेत अडकतात, भोवऱ्याबरोबर गरगर फिरतात, आणि जात्याप्रमाणे खडक दळू लागतात. अशा रीतीने रांजणखळगे तयार होतात. कुकडीकाठचे निघोजचे रांजण याच जातीचे. ज्या लातूरकरांनी 2016 साली आगगाडीने मिरजेहून आलेले पाणी घागरींत भरून घेतले, त्यांस हा जलसंभार पाहून काय वाटेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

याच खळग्यांत धोका दडलेला आहे. वरून पाणी संथ दिसते, आत भोवरा असतो. कातळावरील शेवाळ पावलास थारा देत नाही. शिवाय वरच्या अंगास इसापूरचे धरण आहे. तेथून पाणी सोडले, की आकाश निरभ्र असतानाही इकडे नदी चढते. छायाचित्राच्या हौसेने धारेपर्यंत जाणारी तरुण मंडळी हे विसरतात. मुलाबाळांसह जाणाऱ्यांनी तर काठावरूनच दर्शन घ्यावे हे उत्तम.

नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगा अभयारण्य पसरले आहे. 1996 साली घोषित झालेल्या या सुमारे 325 चौरस किलोमीटरांच्या रानास नदीने तीन बाजूंनी कवेत घेतले आहे. वृक्ष मुख्यत्वे सागाचे. अस्वल, बिबट्या, नीलगाय, चितळ हे तेथील रहिवासी. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळू लागली, की ती वेचावयास पहाटेच माणसेही येतात आणि अस्वलेही. फुले दोघांनाही हवी असतात. अस्वलाची दृष्टी मंद असल्याने माणूस अगदी जवळ येईतो त्यास कळत नाही, आणि मग ते बिथरते. मोहाखाली झालेल्या कित्येक अपघातांचे कारण क्रौर्य नव्हे, ही अवचित गाठ होय.

या रानाचे महत्त्व एका वाघाने सिद्ध केले. 2019 च्या फेब्रुवारीत टिपेश्वरच्या अभयारण्यात एका तरुण नरवाघास रेडिओपट्टा बांधण्यात आला. जूनमध्ये तो निघाला, आणि पैनगंगेच्या रानातून, हिंगोली-वाशिमकडील शेतांतून वाट काढीत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सुमारे 1,300 किलोमीटरांचा हा प्रवास बव्हंशी रात्रीचा होता. ओढे, नाले व झुडुपांचे पट्टे हेच त्याचे हमरस्ते. काठचे झुडूप तोडून शेवटच्या फुटापर्यंत नांगर घातला, तर असा रस्ता तुटतो, हे नकाशावरील त्याच्या मार्गावरून उघड दिसते.

मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचेच स्थानक आहे. धबधबा पाहावयाचा तर भाद्रपद-आश्विन बरा. पशू पाहावयाचे तर वैशाखातील पाणवठे. अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकू नये आणि सूर्यास्तापूर्वी बाहेर पडावे.