विश्लेषण : पावसाळी घाट, उन्हाळी मुरूम... माउंटन बाइकला बारमाही टायर कोणता?

जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या मेढ्यातून एक रस्ता वेण्णा खोऱ्यातून साताऱ्याकडे उतरतो, तर दुसरा केळघर घाट चढून महाबळेश्वर गाठतो. वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वराच्या या शेजारी पावसाळ्यात डांबर निसरडे होते, शेतवाटांवर चिखल होतो आणि उन्हाळ्यात त्याच वाटांवर सुटा मुरूम उरतो. प्रत्येक ऋतूला वेगळी टायरजोडी घेणे बहुतेकांना परवडत नाही. मग एकाच जोडीवर वर्ष कसे काढायचे?

‘ऑल-सीझन’ म्हणजे नेमके काय?

बर्फ पडणाऱ्या देशांत हा शब्द थंडीच्या संदर्भात वापरला जातो. कडाक्याच्या थंडीत रबर कडक होते, म्हणून तिथे हिवाळ्यासाठी मऊ रबराचे, काही वेळा धातूचे खिळे असलेले टायर मिळतात. सह्याद्रीत त्यासाठी पैसे मोजण्याची गरज नाही. इथला बारमाही टायर तीन गोष्टींवर तपासायचा : ओले डांबर, चिखल आणि सुटा मुरूम.

खोल नक्षी म्हणजे जास्त पकड?

चिखलात हो, ओल्या डांबरावर नाही. मोटारीचे टायर पाण्याच्या थरावर तरंगू नयेत म्हणून त्यांना खाचा लागतात. हा तरंगण्याचा वेग हवेच्या दाबावर अवलंबून असतो. विमानांच्या टायरसाठी वापरल्या जाणाऱ्या सूत्रानुसार ३० पीएसआय दाबाला तो ताशी सुमारे ९० किलोमीटर येतो. सायकलचा टायर तर अरुंद आणि गोल असतो. त्यामुळे तिथे पकड ठरते ती रबराचा दर्जा आणि रस्त्याला टेकणारे रबर यांवर. उंच, विरळ गुट्ट्यांचा टायर डांबरावर कमी टेकतो, वळणावर गुट्ट्या वाकतात आणि चढावर दमही जास्त लागतो.

म्हणून मधोमध बुटक्या, जवळजवळ बसवलेल्या गुट्ट्या आणि कडेला थोड्या उंच, सुट्या गुट्ट्या असलेला टायर निवडावा. रुंदी २.१ ते २.२५ इंच पुरेशी. गुट्ट्यांमधील फट इतकी हवी की चिखल अडकून न राहता फेकला जाईल.

माप कसे ओळखायचे?

केवळ ‘२६ इंची’ सांगून टायर आणणे महागात पडू शकते. टायरच्या बाजूवर ५४-५८४ असा आकडा असतो. त्यातील पहिला आकडा रुंदी आणि दुसरा रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. माउंटन बाइकच्या २६ इंची चाकाला ५५९, साडेसत्तावीस इंचीला ५८४ आणि २९ इंचीला ६२२ लागतो. साध्या सायकलींना लागणारा २६ × १ ३/८ मापाचा टायर ५९० चा असतो. तोही ‘२६’च म्हणवतो, पण माउंटन बाइकच्या रिमवर बसत नाही. रुंद टायर घेताना फोर्क आणि फ्रेमपासून दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर जागा उरते ना, हे पाहावे. नाहीतर चिखलाने चाकच अडकते.

पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही?

घडी न होणारा, तारेच्या कडेचा टायर थोडा जड असतो, पण स्वस्त मिळतो आणि पकडीत कमी पडत नाही. टीपीआय म्हणजे एका इंचातील धाग्यांची संख्या. १२० टीपीआयचा टायर हलका आणि लवचिक असतो, पण रोजच्या वापराला ३० ते ६० चालतो. बाभळीच्या काट्यांच्या वाटेवर तर जाड टायरच बरा.

काटकसर रबरात नको. बजेट एकाच चांगल्या टायरचे असेल, तर तो पुढच्या चाकाला लावावा. मागचे चाक घसरले तर सायकल बहुधा सावरता येते. उतारावरच्या वळणात पुढचे घसरले की स्वार थेट खाली येतो. मागचा टायर जास्त भार आणि पायडलचा जोर घेत असल्याने लवकर झिजतो. तो बाद झाला की पुढचा मागे टाकावा आणि नवा पुढे लावावा. बसवताना फिरण्याच्या दिशेचा बाण पाहायला विसरू नये. दुकानात पडून राहिलेल्या टायरच्या बाजूला बारीक चिरा दिसल्या, तर सवलत असली तरी तो घेऊ नये.

हवा किती?

ट्यूब असलेल्या २.१ इंची टायरला ७० किलोच्या स्वारासाठी मातीवर पुढे ३० आणि मागे ३५ पीएसआयपासून सुरुवात करता येते. कोरड्या डांबरी प्रवासाला ४०-४५ ठीक. पावसात थोडी कमी. टायरवर छापलेली मर्यादा मात्र पाळावी. हवा फार कमी झाली की दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चेपते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात.

पहिल्या पावसात मात्र धूळ आणि तेलाच्या थरामुळे चांगला टायरही घसरतो. रिम ब्रेक असतील तर पाणी पुसले जाईपर्यंत तेही लवकर धरत नाहीत. म्हणून घाट उतरताना वेग वळणाच्या आधीच कमी करावा. मधल्या गुट्ट्या सपाट झाल्या किंवा रबराखालचे धागे दिसू लागले, की पुढच्या पावसाची वाट न पाहता टायर बदलावा.