लकवा मारला तर आधी घड्याळ पाहा

मैत्रिणींनो, आपल्यातल्या किती जणी लेकाकडे, सुनेच्या बाळंतपणाला घाटकोपर-मुलुंडला जाऊन राहतात! तिथे असा वा गावी, कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं बोबडं झालं, तर तो लकवा समजा. मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली की मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सी.टी. स्कॅन हवाच, मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, तर तेच इंजेक्शन जिवावर बेततं. म्हणून घरी अ‍ॅस्पिरिनही देऊ नका. पाणी-चहाही नको, ठसका लागतो. तेल चोळत बसणं तर आम्हाला मुळीच पटत नाही.

१०८ला फोन करा, ती गाडी फुकट आहे. अंधेरी-बोरिवलीकडे गर्दीच्या वेळी रस्त्यातच तास जातो, तेव्हा स्कॅन आणि हे इंजेक्शन कुठे मिळतं, ते आजच विचारून ठेवा. डॉक्टर विचारतील, माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला? पहाटे उठल्यावर कळलं असेल, तर रात्री झोपतानाची वेळ सांगा. उशीर झाला तरी न्याच. काहींची गुठळी २४ तासांपर्यंत नळी घालून काढता येते.