पॉम्पे, मंठा आणि हस्तिदंताची बाई

गेल्या वीकेंडला मंठ्याला ताईकडे गेले होते. लॅपटॉप बंद, मोबाइल सायलेंट, प्लॅन एकच : झोपा काढणे. पण सात वर्षांच्या भाच्याने टीव्हीवर पॉम्पे बघितलं होतं. "मावशी, ती राखेतली माणसं खरी होती का? आपल्याकडं पण फुटतो का तसला डोंगर?"

बॉसला प्रेझेंटेशन देणं परवडलं! शेवटी सोड्याची बाटली आणली, खदाखदा हलवली आणि अंगणात झाकण उघडलं. जमिनीखालच्या वितळलेल्या दगडातही असाच गॅस कोंडलेला असतो. इ. स. 79 मध्ये इटलीतल्या व्हेसुव्हियसचं झाकण उडालं. पॉम्पेवर कित्येक तास हलके, भोकाभोकांचे दगड पडत राहिले, त्यांच्या भाराने छपरं कोसळली. मग तापलेल्या राखेचा आणि वायूचा लोट आला आणि जे मागे थांबले होते ते गेले.

त्यांची शरीरं नाहीशी झाली, पण घट्ट झालेल्या राखेत पोकळ्या राहिल्या. 1863 मध्ये जुझेप्पे फिओरेल्ली यांनी त्यात प्लास्टर ओतलं. "म्हणजे गणपतीच्या साच्यासारखं?" अगदी तसंच.

हे सगळं लांबून पाहिलं ते प्लिनी नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने. त्याचा मामा आरमाराचा प्रमुख. लोकांना सोडवायला तो जहाजं घेऊन गेला. पुढे भाच्याने ते सगळं पत्रांत लिहून ठेवलं.

"मामा परत आला?"

"नाही रे."

यावर स्वारी बराच वेळ गप्प होती. मग पुन्हा मूळ मुद्दा : आपल्याकडं?

आपल्याकडे तर त्याहून कितीतरी मोठं झालंय, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले. मंठ्याच्या शेतातली काळी माती त्याच दगडाची झीज. आता तो थंड आहे, नो टेन्शन. (जवळचं लोणार ज्वालामुखीचं नाही बरं का, ते उल्केचं.)

आणि आता आमच्या जिल्ह्याची गोष्ट. 1938 मध्ये पॉम्पेच्या एका घरात हस्तिदंताची वीतभर उंच बाई सापडली. दागिन्यांनी मढलेली, दोन बाजूंना दोन दासी, चक्क भारतीय! आता ती नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. तशाच घडणीची एक अर्धी तुटलेली मूर्ती भोकरदनच्या उत्खननात मिळाली. भोकरदन, म्हणजे आमच्याच जालना जिल्ह्याचं दुसरं टोक! सातवाहनांच्या काळातलं भोगवर्धन. पॉम्पेची बाई इथेच घडली असावी, असं काही संशोधक मानतात. काही जण मानत नाहीत. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही तिची एक बहीण मिळाली आहे.

मला पॉम्पेच्या गल्ल्या फोटोंवरून पाठ. भोकरदनला मात्र मी एकदाही उतरलेले नाही. तिथे राख पडली नाही, म्हणून गाव जगलं. जुन्या घरांवर नवी घरं चढली, खालचं खालीच राहिलं. जे हाती आलं ते 1970च्या दशकात थोड्याशा जागेत खणून.

"ती बाई कशाला होती?"

तिच्या डोक्यात वरून भोक आहे, म्हणजे बहुतेक टेबलाबिबलाचा पाय असावी.

"टेबलाचा पाय? जहाजातून? एवढ्या लांब?" भाचा खो-खो हसला. मग म्हणाला, "मावशी, भोकरदनला किती वाजता गाडी आहे?"