पेटीच्या भात्यावर उडालेलं विमान

दोस्तांनो, गाण्याच्या वर्गातली पेटी आठवतेय ना? एका हाताने भाता मारायचा, दुसऱ्या हाताने पट्ट्या दाबायच्या. भाता थांबला की पेटी मुकी! आता कुणी सांगितलं, की अशाच भात्यांच्या जोरावर एका तरुणाने तळघरात विमान उडवलं आणि पुढे लाखो वैमानिक त्यात बसून शिकले, तर? तुम्ही म्हणाल, काहीतरी थापा मारतोय. पण ही अगदी खरी गोष्ट आहे.

त्या तरुणाचं नाव एडविन लिंक. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावात त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. सिनेमे मुके होते त्या काळात थिएटरात मोठमोठे ऑर्गन वाजत, ते हे ऑर्गन. एडविनला मात्र विमानाचं वेड. 1920 साली तो विमान शिकायला गेला. शिकवणी होती सिडने चॅप्लिनच्या कंपनीत. हा सिडने म्हणजे आपल्या चार्ली चॅप्लिनचा सावत्र भाऊ बरं का! एका धड्याची फी 50 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या मानाने भलतीच. आणि शिकायला काय मिळालं? वैमानिकाने आकाशात चार कोलांट्या मारल्या आणि उतरवलं. एडविनला दांड्याला हातसुद्धा लावू दिला नाही.

पैसे गेले, पण डोक्यात किडा शिरला. जमिनीवरच विमान शिकता आलं तर?

1927 ते 1929 या काळात त्याने कारखान्याच्या तळघरात खटपट केली. सामान कुठलं? जे हाताशी होतं तेच. लाकडाचं एक ठेंगणं विमान बनवलं. पंख आखूड, शेपूट छोटं. ते मधोमध एका सांध्यावर टेकवलं आणि खाली चार बाजूंना ऑर्गनचे चार भाते बसवले. विजेच्या पंपाने भात्यांतली हवा ओढून घ्यायची सोय केली. आत बसलेल्याने दांडा डावीकडे नेला की झडप उघडायची, डावीकडचा भाता मिटायचा, उजवीकडचा फुगायचा. झालं, विमान डावीकडे कललं! दांडा पुढे केला की नाक खाली. पायाखालचं पॅडल दाबलं की अख्खं खोकं गर्रकन वळायचं.

गंमत अशी, की सुरुवातीला वैमानिकी शाळांनी याकडे फारसं पाहिलंच नाही. करमणुकीच्या बागांनी मात्र उत्साहाने घेतलं. नाणं टाका आणि विमानात बसा!

मग 1934 साल उजाडलं. अमेरिकेत विमानाने टपाल नेण्याचं काम अचानक सैन्याच्या वैमानिकांवर आलं. थंडीचे दिवस, धुकं, रात्र. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक अपघातांत गेले. ते भित्रे नव्हते, अडाणीही नव्हते. मग चुकत कुठे होतं?

याचं उत्तर तुमच्या कानात आहे. घरात नाहीतर बाबांच्या ऑफिसात फिरती खुर्ची असेल तर करून बघा. जवळ मोठं माणूस हवंच. मित्राचे डोळे बांधा आणि त्याला खुर्चीवर बसवून हळूहळू, एकाच वेगाने फिरवा. ज्या दिशेला फिरतोय असं वाटतंय तिकडे त्याने अंगठा दाखवायचा. पंधरा-वीस सेकंदांनी त्याचा अंगठा डळमळेल. खुर्ची फिरत असूनही तो म्हणेल, ‘थांबली’. आणि तुम्ही खरंच थांबवलीत की म्हणेल, ‘आता उलटी फिरतेय’! आपल्या कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. वेग बदलला तरच तो खबर देतो. वेग एकसारखा राहिला की गप्प बसतो.

धुक्यात वैमानिकाचं हेच होतं. विमान वळत असतं, पण शरीर सांगतं सरळ चाललंय. शरीरावर विश्वास ठेवला की संपलं. समोरच्या घड्याळांवर, म्हणजे उंची, दिशा, कल दाखवणाऱ्या उपकरणांवर विश्वास ठेवायला शिकावं लागतं. आणि तेच लिंकच्या खोक्यात शिकता येत होतं. वर टप लावून घेतलं की बाहेरचं काही दिसायचं नाही. चूक झाली तर? कुणी मरत नव्हतं. पुन्हा सुरू करायचं.

सैन्याचे अधिकारी लिंकला भेटायला जमले त्या दिवशी हवा इतकी खराब होती, की तो येईलसं कुणाला वाटेना. तो उपकरणांच्या भरवशावर स्वतः विमान चालवत येऊन हजर झाला! मग फार बोलावं लागलं नाही. त्याच वर्षी सैन्याने सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत दहा हजारांवर यंत्रं बनली आणि पाच लाखांहून जास्त जण त्यांत शिकले. शिकवणाऱ्याच्या टेबलावर नकाशा असायचा आणि त्यावर तीन चाकांचं एक छोटं यंत्र शाईने रेघ ओढत सरकायचं. विद्यार्थी कुठून कुठे ‘उडाला’ ते त्यावरून कळायचं. या यंत्राला सगळे म्हणायचे ‘खेकडा’. मला तर अख्ख्या यंत्रापेक्षा हा खेकडाच आवडतो.

आज मोठ्या विमान कंपन्यांची शिकवणी-यंत्रं सहा पायांवर उभी असतात. पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली आणि तीन प्रकारचे कल, अशा सहाही हालचाली त्यांतून मिळतात. अशी रचना गॉफ नावाच्या इंजिनिअरने 1954 च्या सुमारास टायर तपासायला केली होती. 1965 मध्ये स्टुअर्ट यांनी विमानाच्या यंत्रासाठी तशीच कल्पना मांडली आणि नाव पडलं ‘स्टुअर्ट प्लॅटफॉर्म’. बिचारा गॉफ!

पण खोलीतलं खोकं धावपट्टीवर धावल्यासारखं कसं वाटतं? अर्धी भरलेली पारदर्शक बाटली एस.टी.त घेऊन बसा. गाडीने वेग घेतला की पाणी मागच्या बाजूला चढतं. आता घरी बाटली नुसती मागे कलती करा. पाणी तसंच दिसतं! आपल्या शरीरालाही हा फरक कळत नाही. म्हणून खुर्ची हळूच मागे कलवतात, समोरच्या पडद्यावर धावपट्टी पळवतात, आणि पाठ सीटला दाबली गेली की मेंदू म्हणतो, ‘सुटलो!’ चित्र आणि कल यांत थोडा जरी उशीर झाला, तर मात्र मळमळायला लागतं.

हौशी लोक आता हे घरीही करतात. खुर्चीखाली मोटारगाडीचा जुना युनिव्हर्सल जॉइंट आणि कलवायला वायपरच्या दोन मोटरी. तोल नीट साधला तर लहान मोटरीही माणूस हलवतात. पण बोटं चिरडण्याइतकी ताकद त्यांच्यात असते, तेव्हा मोठ्यांशिवाय तिकडे फिरकायचं नाही.

तुमच्यासाठी बाहुलीचं विमान. औषधाच्या दुकानातून सुईविना चार नव्या कोऱ्या सिरिंज आणा. वापरलेल्या मुळीच नकोत. सलाईनच्या नळीच्या तुकड्याने दोन-दोन सिरिंज जोडा आणि आत पाणी भरा. लाकडी पाटावर मधोमध एक उभी काठी घट्ट बसवा, तिच्या टोकावर जाड रबरी नळीचा तुकडा आणि त्यावर वहीएवढी प्लायची फळी. प्रत्येक जोडीतली एक सिरिंज फळीच्या खाली उभी करा. एक पुढच्या कडेला, एक डाव्या कडेला. दट्ट्या फळीला तारेने बांधा. सिरिंज पाटाला जरा ढिली बांधा, तिला कलायला जागा हवी. उरलेल्या दोन हातात घ्या. दट्ट्या दाबला की फळी वर, ओढला की खाली.

नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. हवा दबते, मग तुम्ही दाबलं तरी फळी उशिरा हलते. हातातली सिरिंज लहान आणि खालची मोठी घेतली तर फळी कमी सरकेल, पण जास्त वजन उचलेल.

फळीवर पाण्याने अर्धी भरलेली वाटी ठेवा आणि एकाने डोळे मिटून ती वाटी सपाट ठेवायचा प्रयत्न करा. दुसऱ्याने नुसतं बोलून सांगायचं, ‘नाक वर, डावं खाली’. किती पाणी सांडलं ते आम्हाला पत्राने कळवा. आणि हो, आईला विचारूनच ओल्या फरशीचा कार्यक्रम करा!